जीटी ७३० चा ड्रायव्हर बसत नाही, इन्स्टॉलर म्हणतो 'कंपॅटिबल हार्डवेअर' सापडलं नाही (देवगड)

अक्षरजुळणी (देवगड)
१८ ऑगस्ट, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, आणि आता गणपती तोंडावर आल्यामुळे आरतीसंग्रह, वर्गणीच्या पावत्या, डबलबारीचे बॅनर. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायला दुसरा मॉनिटर लावायचा होता. मदरबोर्डला एकच व्हीजीए पोर्ट, म्हणून चुलत भावाकरवी मुंबईहून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड मागवलं. जीफोर्स जीटी ७३०, २ जीबी, खोक्यावर डीडीआर-थ्री, १२८ बिट असं छापलंय.

मशीन जुनंच आहे: आय-थ्री तिसरी पिढी, एच६१ बोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १० चौसष्ट बिट, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा).

कार्ड लावलं, मॉनिटर कार्डाला जोडला, चित्र आलं. पण रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलंय आणि माझा मॉनिटर १६०० बाय ९०० चा आहे. सगळं आडवं ताणलेलं दिसतं. गणपतीच्या मागची गोल प्रभावळ अंड्यासारखी दिसते, प्रूफ कसं तपासणार? डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच येत नाही, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' येतं.

एनव्हिडियाच्या साइटवर ७०० मालिका, जीटी ७३०, विंडोज १० असं निवडून ४७० च्या घरातला ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) उतरवला. चालवल्यावर लगेच पाटी येते: 'एनव्हिडिया इन्स्टॉलर कॅनॉट कंटिन्यू', आणि खाली 'धिस ग्राफिक्स ड्रायव्हर कुड नॉट फाइंड कंपॅटिबल ग्राफिक्स हार्डवेअर'.

दुरुस्तीवाला मुलगा बघून गेला. म्हणाला, विंडोज फॉरमॅट मारूया. माझ्या मशीनवर श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, तिचे सगळे फॉन्ट आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइल्स आहेत. परत सगळं बसवायचं म्हणजे ऐन गणपतीत दुकान बंद ठेवण्यासारखं. फॉरमॅट न करता काही होईल का?


नव्याने_आलो (अलिबाग)
१८ ऑगस्ट, रात्री १०:१०

राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून बघितलंत का? आणि ड्रायव्हर सगळ्यात नवा घ्या, जुना नको.


जांभा_चिरा (कुडाळ)
१८ ऑगस्ट, रात्री १०:३१

ताई, फॉरमॅट अजिबात मारू नको. आमच्या हंय कायव झाला की आधी फॉरमॅट. गिऱ्हाइकाचा सगळा जाता आणि दुखणा तसाच ऱ्हवता.

कार्ड एकदा भायर काढ आणि त्येचे सोनेरी दात बघ. बाकीच्यांनाही उपयोग होईल म्हणून नीट लिहितो. किनाऱ्याजवळच्या दुकानात पावसाळ्यात हवेतूनच मीठ आणि ओल येते. कार्डाच्या दातांवर सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. वापरलेल्या कार्डात तो काढघाल करून घासलेला असतो, खालचं निकेल-तांबं उघडं पडतं आणि हिरवट-काळसर डाग धरतात. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर उचला. पांढऱ्या खोडरबरने दात हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून एकदा फिरवा. वाळू द्या. दातांना बोट लावू नका, घामातही मीठच असतं. आणि कोणी रॉकेल सांगेल तर ऐकू नका.

एवढं करून मग ड्रायव्हरचं बघूया.


सुरंगी (पुणे, मूळ वेंगुर्ला)
१८ ऑगस्ट, रात्री ११:०४

जांभाकाकांनी सांगितलेली सफाई आपल्याकडे करून घ्यावीच, पण या दुखण्याचं मूळ तिथे नसावं. ताईंचा मॉनिटर कार्डालाच जोडलेला आहे आणि चित्र येतंय. दात खराब असते तर कार्ड मुळात ओळखलंच गेलं नसतं, किंवा मशीन मध्येच अडकलं असतं, पडद्यावर रेघा आल्या असत्या.

मला महत्त्वाची वाटते ती पाटी. या इन्स्टॉलरच्या दोन पाट्या लोक एकच समजतात. 'इन्स्टॉलर फेल्ड' अशी पाटी आली आणि खाली एकेका भागापुढे 'नॉट इन्स्टॉल्ड' लिहून आलं, तर त्याने कार्ड ओळखलंय, काम सुरू केलंय आणि ते मध्ये फसलंय. तिथे जुन्या ड्रायव्हरचे अवशेष, अँटीव्हायरस, मागे चालू असलेलं विंडोज अपडेट असल्या कारणांमागे लागायचं. ताईंची पाटी 'कॅनॉट कंटिन्यू' आहे. म्हणजे इन्स्टॉलरने आपल्याजवळच्या यादीत हे कार्ड शोधलं, त्याला ते मिळालं नाही, आणि त्याने काम सुरूच केलं नाही. अशा वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा नाहीतर फॉरमॅट करा, यादी तीच राहणार. कोऱ्या विंडोजवरही हीच पाटी आली असती.

तर ताई, कार्डालाच विचारूया ते कोण आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली जे नाव आहे त्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स'चा टॅब. तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पहिल्या ओळीत पीसीआयनंतर 'व्हेन' आणि 'डेव्ह' अशी दोन अक्षरगटं असतील, प्रत्येकापुढे चार-चार आकडे-अक्षरं. तेवढी इथे लिहा. 'व्हेन' म्हणजे चिप कोणाची (१०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ एएमडी, ८०८६ इंटेल) आणि 'डेव्ह' म्हणजे नेमकी कुठली चिप.

माझा अंदाज आहे, पण आकडा बघितल्याशिवाय बोलत नाही.


अक्षरजुळणी (देवगड)
१९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

जांभाकाका, दात पुसले. एका बाजूला खरंच दोन-तीन काळपट ठिपके होते, आता स्वच्छ आहेत. पाटी मात्र तीच येते.

सुरंगी, ही ओळ मिळाली: व्हेन १०डीई, डेव्ह ०एफ०२. पुढे सबसिस वगैरे बरंच आहे.


सुरंगी (पुणे, मूळ वेंगुर्ला)
१९ ऑगस्ट, सकाळी ९:०५

मिळालं. हेच वाटत होतं.

जीटी ७३० हे कार्ड २०१४ च्या जूनमध्ये बाजारात आलं. पण त्या एका नावाखाली दोन पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या. एक केपलर पिढीची, जीके२०८: ३८४ कोअर, ६४ बिट मेमरी, २८ नॅनोमीटर. तिचा आयडी १२८७. दुसरी फर्मी पिढीची, जीएफ१०८: ९६ कोअर, १२८ बिट डीडीआर-थ्री, ४० नॅनोमीटर. तिचा आयडी ०एफ०२. तुमच्याकडे आहे ती ही दुसरी.

खोक्यावरच्या १२८ बिटला भुलून बरेच जण हेच कार्ड उचलतात, कारण ६४ पेक्षा १२८ जास्त. प्रत्यक्षात दुकानात मिळणाऱ्या जीटी ७३० मध्ये १२८ बिट ही जुन्या चिपची खूण आहे. वीजही तीच जास्त खाते, साधारण ४९ वॅट, केपलरवालं २३ ते २५ वर भागवतं. तुमच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला दोन्ही काहीच नाहीत, ती काळजी सोडा.

आता ड्रायव्हरचं. एनव्हिडियाने फर्मीला नवे ड्रायव्हर देणं २०१८ च्या एप्रिलमध्ये थांबवलं. ३९० ही शेवटची शाखा (म्हणजे ३९० च्या घरातल्या आवृत्त्या), आणि तिच्यातला मार्च २०१८ चा ३९१.३५ हा तुमच्या कामाचा. केपलरला पुढे ४७० च्या शाखेपर्यंत साथ मिळाली. साइटच्या यादीत जीटी ७३० हे नाव एकदाच येतं, त्यामुळे तुमच्या हातात केपलरवाल्यांचा ड्रायव्हर पडला. त्याच्या यादीत ०एफ०२ नाहीच.

स्वतः खात्री करायची असेल तर सोपं आहे. इन्स्टॉलर सुरुवातीला सी ड्राइव्हवर एनव्हिडिया नावाच्या फोल्डरमध्ये सगळं सोडतो. त्यात 'डिस्प्ले डॉट ड्रायव्हर' फोल्डर असतं, त्यात आयएनएफ शेपटीच्या फाइल्स. त्या नोटपॅडमध्ये उघडून ०एफ०२ शोधा. सापडणार नाही.

३९१.३५ शोधताना डेस्कटॉप, विंडोज १०, चौसष्ट बिट एवढं बघून घ्या. नोटबुकवाला वेगळा असतो.


खाजणवाट (रत्नागिरी)
१९ ऑगस्ट, सकाळी ९:४८

सुरंगी यांनी बरोबर सांगितलंय. एक भर: जीटी ६३० मध्येही हाच प्रकार आहे, फर्मी आणि केपलर दोन्ही. जीटी ६१० फर्मी, जीटी ७१० केपलर. जुनं कार्ड घेताना विकणाऱ्याकडून जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रामच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. चिपचं नाव, कोअरची संख्या, मेमरीची रुंदी एका नजरेत कळते. ड्रायव्हर बसलेला नसला तरी चिपचं नाव त्यात येतं. आणि कार्डाच्या बायॉसमध्ये (कार्डातच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) फेरफार करून जुनं कार्ड नव्या नावाने विकलेलं असेल तर २०१८ नंतरच्या आवृत्त्या बऱ्याच चिपा पकडतात आणि नावाआधी 'फेक' लिहून दाखवतात. ताईंचं कार्ड तसं नाही, ते खरंच जीटी ७३० आहे.


नव्याने_आलो (अलिबाग)
१९ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मी एका व्हिडिओत बघितलं की नव्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये आपल्या कार्डाचा आयडी टाकून सेव्ह केलं की इन्स्टॉलर पुढे जातो. नवाच ड्रायव्हर बसेल ना मग?


सुरंगी (पुणे, मूळ वेंगुर्ला)
१९ ऑगस्ट, सकाळी १०:४०

नको, आणि दुकानाच्या मशीनवर तर मुळीच नको. आयएनएफ बदलली की पॅकेजची डिजिटल सही जुळत नाही. चौसष्ट बिट विंडोज तसा ड्रायव्हर घेत नाही, मग सही तपासणं बंद करा, हे बंद करा, ते बंद करा, असं सुरू होतं. बरं, एवढं करून मिळणार काय? एखाद्या लॅपटॉपची चिप त्याच पिढीची असून यादीतून सुटली असेल तर ही युक्ती चालल्याची उदाहरणं आहेत. इथे फर्मी चालवायचा भागच नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकलाय. यादीत नाव घुसवून तो परत येत नाही.


अक्षरजुळणी (देवगड)
१९ ऑगस्ट, दुपारी ३:३३

३९१.३५ उतरवला. या वेळी 'कॅनॉट कंटिन्यू' आलं नाही, पुढे गेला! हिरवी पट्टी अर्ध्यावर गेली, पडदा एकदा काळा होऊन परत आला, आणि तेवढ्यात लाईट गेली. आज सकाळपासून जोराचा पाऊस आहे, ये-जा चाललीच होती. माझ्याकडचा यूपीएस बॅटरी गेल्यामुळे नुसता शोभेला आहे.

लाईट आल्यावर परत चालवला तर आता सुरंगी म्हणाली होती ती दुसरी पाटी येते, 'इन्स्टॉलर फेल्ड', आणि खाली 'ग्राफिक्स ड्रायव्हर, नॉट इन्स्टॉल्ड'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता जीटी ७३० असं नाव दिसतंय पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे. विंडोज अपडेटच्या पानावरही एनव्हिडियाचं काहीतरी 'पेंडिंग' दिसतंय. रिझोल्यूशन तेच.

संध्याकाळी सहाला एका मंडळाला बॅनर द्यायचाय. काय करू?


खाजणवाट (रत्नागिरी)
१९ ऑगस्ट, दुपारी ३:५०

ताई, आधी बॅनर. मशीन बंद करून कार्ड काढून ठेवा आणि मॉनिटर मदरबोर्डच्या व्हीजीएला लावा. कार्ड लावलेलं असताना बोर्ड आपलं आतलं इंटेल ग्राफिक्स बहुधा बंद ठेवतो, कार्ड काढलं की ते आपोआप चालू होतं. १६०० बाय ९०० लगेच मिळेल. बॅनर देऊन टाका. ड्रायव्हरचं रात्री शांतपणे करू, सगळी कृती लिहून ठेवतो.


अक्षरजुळणी (देवगड)
१९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

बॅनर गेला. फार आभार. प्रभावळ गोल आहे!


खाजणवाट (रत्नागिरी)
१९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

आता सांगतो काय झालंय. ड्रायव्हर बसताना विंडोज तीन ठिकाणी काम करतं: फाइल्सची प्रत आपल्या ड्रायव्हरच्या कोठारात ठेवतं, रजिस्ट्रीत नोंदी करतं, आणि मग चालू ड्रायव्हर बदलतं. पडदा काळा होतो तो या शेवटच्या टप्प्यात. नेमकी तेव्हाच लाईट गेली, त्यामुळे नोंदी अर्ध्या झाल्या. वर विंडोज अपडेटनेही कार्ड ओळखून आपल्या बाजूने ड्रायव्हर आणायला सुरुवात केली. एकाच कार्डावर दोघे एकाच वेळी काम करायला लागले की 'इन्स्टॉलर फेल्ड' ठरलेलं. नेट चालू ठेवून ड्रायव्हर बसवणाऱ्यांना ही पाटी दिसते त्याचं हे नेहमीचं कारण.

यावर उपाय म्हणजे अर्धवट पडलेलं सगळं मुळापासून काढायचं आणि नेट तोडून एकदाच बसवायचं. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा मोफत प्रोग्राम आहे, लोक डीडीयू म्हणतात. वॅग्नार्डसॉफ्ट या त्याच्या कर्त्याच्या साइटवरूनच घ्या. इतर ठिकाणी त्याच्या नावाखाली काहीही चिकटवलेलं असतं. डीडीयू आणि ३९१.३५ दोन्ही डेस्कटॉपवर ठेवा. मग एक रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेण्याची सोय) करून घ्या, आणि श्रीलिपीचे फॉन्ट व चालू कामं पेन ड्राइव्हवर. याची गरज पडेल असं नाही, पण गणपतीच्या तोंडावर जोखीम कशाला.

कार्ड परत लावा. नेटची वायर काढा, वायफाय असेल तर तेही बंद. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा. निळा पडदा येईल, त्यात 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड. पिनऐवजी तो पासवर्ड मागू शकतो, आधीच आठवून ठेवा. पासवर्ड आठवत नाही म्हणून इथे अडकलेले लोक बघितलेत.

सेफ मोडमध्ये डीडीयू उघडा, उजवीकडे 'जीपीयू' आणि 'एनव्हिडिया' निवडा, 'क्लीन अँड रीस्टार्ट' करा. मशीन स्वतः चालू होईल, पुन्हा १०२४ बाय ७६८ दिसेल, घाबरू नका. नेट अजून तोडलेलंच ठेवा. आता ३९१.३५ चालवा, 'कस्टम' घ्या, फक्त 'ग्राफिक्स ड्रायव्हर'वर खूण ठेवा. थ्रीडी व्हिजन, जीफोर्स एक्स्पीरियन्स वगैरे तुम्हाला नको. एचडीएमआयमधून आवाज हवा असेल तरच ऑडिओ ड्रायव्हर ठेवा. झाल्यावर 'रीस्टार्ट'च करा. 'शटडाउन' करून परत चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज जुनी स्थिती उचलून आणतं, ते पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

अडलंच तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग' नावाची फाइल आहे. तिच्या शेवटच्या काही ओळी इथे चिकटवा, कुठे अडकलं ते त्यात लिहिलेलं असतं.

आणि लाईटची खात्री असल्याशिवाय सुरू करू नका.


जांभा_चिरा (कुडाळ)
१९ ऑगस्ट, रात्री ८:०२

लायटीचा मी सांगतंय. ताई, यूपीएस फेकू नको, आतली बॅटरी तेवढी बदल. साध्या यूपीएसात १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळते. जुनीचे टोक बघून लाल-काळी वायर तशीच लाव. आज रात्रीपुरता शेजाऱ्याकडचा यूपीएस आण, पण फक्त सीपीयू आणि एक मॉनिटर त्यावर लाव. लेझर प्रिंटर चुकूनही लावू नको, तो तापताना एवढा करंट ओढतो की यूपीएस जागेवर बसतो.

अर्थिंगबद्दलही बोलतो, कारण किनारपट्टीला आणि सड्यावर हे दुखणं सगळीकडे आहे आणि कोणी मनावर घेत नाही. जांभ्या दगडात ओल टिकत नाही. पावसात अर्थिंग ठीक वाटतं, पण मार्च-एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. लोक चप्पल घालून काम करतात आणि म्हणतात चालतं. नाही चालत. कॅबिनेटवर गळणारी ही वीज दुसऱ्या मॉनिटरच्या किंवा प्रिंटरच्या केबलमधून वाट शोधते आणि पोर्ट जाळते. ताई आता दुसरा मॉनिटर लावणार म्हणून मुद्दाम सांगतो. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नेमाने पाणी ओता, आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की बटण बंद करून भागत नाही, पिनच भिंतीतून काढायची. नेटची वायर पण.

आणि पावसाळ्यात दुकान दोन-चार दिवस बंद राहणार असेल तर परत उघडल्यावर लगेच मशीन चालू करू नका. आधी पंखा लावून खोली थोडी कोरडी होऊ द्या. रोज थोडा वेळ चालणारं मशीन आपल्याकडे टिकतं, झाकून ठेवलेलं कुजतं. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलंत तर ओल आतच कोंडते, जुनी सुती चादर बरी.


अक्षरजुळणी (देवगड)
२० ऑगस्ट, सकाळी ७:१५

झालं!

शेजारच्या मेडिकलवाल्या दादांनी यूपीएस दिला. रात्री पाऊस उघडल्यावर बसले. खाजणवाट यांनी लिहिलं होतं तसंच केलं. सेफ मोडने खरंच पासवर्ड मागितला, तो आधीच वहीत लिहून ठेवला होता. डीडीयूने साफ केलं, मशीन स्वतः चालू झालं. ३९१.३५ कस्टमने बसवला, फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर. पडदा काळा झाला तेव्हा श्वास रोखून बसले होते. परत आला तो थेट १६०० बाय ९०० मध्ये.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता जीटी ७३० आहे, त्रिकोण नाही. ड्रायव्हरची आवृत्ती मात्र २३.२१.१३.९१३५ अशी दिसते. हे बरोबर आहे ना? दुसरा मॉनिटरही लागला, गिऱ्हाइकाच्या बाजूला फिरवून ठेवलाय. सगळ्यांचे मनापासून आभार. फॉरमॅट टळला.


सुरंगी (पुणे, मूळ वेंगुर्ला)
२० ऑगस्ट, सकाळी ८:३०

वा, छान झालं! आवृत्ती बरोबर आहे. विंडोज तो आकडा आपल्या पद्धतीने दाखवतं. शेवटचे पाच आकडे घ्यायचे, ३९१३५, आणि तिसऱ्यानंतर टिंब द्यायचं: ३९१.३५.

नेट जोडल्यावर विंडोज अपडेट पुन्हा ड्रायव्हर आणू नये म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून तिथे 'नो' करून ठेवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फर्मीच्या ड्रायव्हरला गंभीर सुरक्षा दुरुस्त्या मिळायच्या, त्याही २०१९ च्या जानेवारीपर्यंतच. म्हणजे हा ड्रायव्हर आहे तसाच राहणार. त्यात विंडोज १० च्या अपडेटची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुसरा मॉनिटर, कोरल, श्रीलिपी आणि तुमचं जुनं फोटोशॉप एवढ्यासाठी हे कार्ड पुष्कळ आहे. नवं फोटोशॉप जीपीयूकडून जे मागतं ते या चिपकडे नाही. बँकेचे व्यवहार आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म या मशीनवर करत असाल तर ते दुसऱ्या मशीनवर हलवा. फॉर्ममध्ये लोकांचे आधार क्रमांक, बँकखाती असतात. ती जबाबदारी आपल्यावर येते.


जांभा_चिरा (कुडाळ)
२० ऑगस्ट, सकाळी ९:१०

सुरंगीचा म्हणणा बरोबर, पण हंयच्या छोट्या दुकानदारान दोन-दोन मशीना घेवची खंयसून? ताई, तोपर्यंत इतका कर: ह्या मशीनवर नेट फक्त फाइल घेण्यादेण्यापुरता जोड, फॉर्म मोबाइल नायतर लॅपटॉपवर भर. आणि कामाच्या फायलींची एक प्रत भायरच्या हार्ड डिस्कवर आठवड्याक एकदा, डिस्क दुकानात नको, घराकडे ठेव.


अक्षरजुळणी (देवगड)
२० ऑगस्ट, सकाळी ९:४५

फॉर्मचं काम मी लॅपटॉपवरच करते, ते हलवायला नको. बाहेरच्या डिस्कचं आजच करते. कार्डाच्या खोक्यावर '०एफ०२, फर्मी, ३९१.३५' असं मार्करने लिहून ठेवलंय, पुढे कोणी दुरुस्तीला आलं तर त्याला शोधायला नको.


शेवटची_एसटी (गुहागर)
२० ऑगस्ट, रात्री १०:२२

धागा वाचत होतो, कारण माझ्याकडेही जीटी ७३० पडून आहे. मला कोणीतरी 'जुनाच ड्रायव्हर घाल' म्हणून ३९१.३५ दिला होता. वरचं वाचून आयडी बघितला: व्हेन १०डीई, डेव्ह १२८७. माझंही विंडोज १० चौसष्ट बिट. मी पण ३९१.३५ च घालू का?


सुरंगी (पुणे, मूळ वेंगुर्ला)
२० ऑगस्ट, रात्री १०:५०

नाही, तुमचं केपलर आहे, जीके२०८. ३९१.३५ तुमच्या कार्डावर बसेल, पण उगाच मागे कशाला राहता? साइटवर जीटी ७३० निवडून ४७० च्या शाखेतला जो शेवटचा मिळेल तो घ्या. केपलरला सुरक्षा दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत मिळाल्या आहेत, त्या त्यात आल्या. ३९१.३५ आधीच बसवलेला असेल तर खाजणवाट यांच्या पद्धतीने आधी डीडीयू, मग नवा. नेट तोडून.


शेवटची_एसटी (गुहागर)
२१ ऑगस्ट, सकाळी ६:५५

बसला. पहिल्या फटक्यात. धन्यवाद.